माकडांतला एसआयव्ही आणि माणसांतला एड्स

एचआयव्ही हा विषाणू माणसाबाहेर फार थोड्या प्राण्यांत वाढतो. उंदीर, ससा, गिनीपिग यांच्या शरीरात तो टिकत नाही. पोलिओपासून हिवतापापर्यंत अनेक रोगांचा अभ्यास ज्यांच्यावर झाला, त्या लाल तोंडाच्या माकडांच्या पेशींतही त्याचे काही चालत नाही. त्यामुळे एड्सचा अभ्यास प्राण्यांत करायचा तर एचआयव्हीऐवजी त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा विषाणू घ्यावा लागतो. तो म्हणजे एसआयव्ही, माकडांच्या रोगप्रतिकारशक्तीवर घाला घालणारा विषाणू. आशियातले माकड आणि आफ्रिकेतल्या माकडाचा विषाणू या जोडीने एड्सविषयीच्या आजच्या ज्ञानाचा मोठा भाग दिला, आणि काही वेळा संशोधकांना चुकीच्या वाटेवरही नेले. या दोन्ही गोष्टी नीट समजण्यासाठी ही जोडी जमली कशी, हे आधी पाहावे लागते.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत माकडांच्या आणि कपींच्या चाळीसहून अधिक जातींत एसआयव्ही आढळतो. बहुतेक जातींचा स्वतःचा असा वेगळा वाण असतो. हा सहवास फार जुना आहे. मध्य आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचे बायोको बेट सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मुख्य भूमीपासून तुटले. तिथल्या माकडांतील विषाणूंची मुख्य भूमीवरच्या विषाणूंशी तुलना करून 2010 साली असे अनुमान निघाले, की एसआयव्ही किमान 32,000 वर्षे जुना असला पाहिजे. यांपैकी दोन वाण माणसात शिरून स्थिरावले आणि जगापुढे रोग म्हणून उभे राहिले. जगभर पसरलेला एचआयव्ही-1 चिंपांझीकडून आला. 2006 साली कॅमेरूनच्या आग्नेय भागातील जंगली चिंपांझींची विष्ठा गोळा करून तपासली गेली, तेव्हा साथ पसरवणाऱ्या वाणाचे सर्वांत जवळचे नातलग तिथेच सापडले. पश्चिम आफ्रिकेत आढळणारा एचआयव्ही-2 हा सूटी मँगाबे नावाच्या धुरकट राखी माकडाकडून आला. शिकार करताना, मांस सोलताना माकडाचे रक्त माणसाच्या जखमेत जाणे, हा या प्रवासाचा सर्वांत संभाव्य मार्ग मानला जातो. एचआयव्ही-2 चे रुग्ण 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतही आढळले होते. तो विषाणू मूळचा याच मँगाबेचा.

आशियातील माकडांना मात्र निसर्गात एसआयव्ही होत नाही. मग त्यांच्यात तो आला कुठून? उत्तर अमेरिकेतल्या माकड-संशोधन केंद्रांत सापडते. एड्सचे नावही कोणी ऐकले नव्हते, त्या काळात या केंद्रांत मँगाबे आणि आशियाई माकडे एकाच आवारात ठेवली जात, आणि एका जातीच्या शरीरातील ऊती दुसऱ्या जातीत टोचल्या जात. लुईझियानातील डेल्टा केंद्रात एका मँगाबेला नैसर्गिकरीत्या कुष्ठरोग झाल्याचे दिसले. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढवणे अवघड असल्याने ही सोन्यासारखी संधी वाटली, आणि त्याच्या ऊती लाल तोंडाच्या माकडांत टोचण्यात आल्या. पुढे त्यातली काही माकडे कुष्ठरोगाने नव्हे, तर प्रतिकारशक्ती ढासळून मेली. टोचलेल्या ऊतींबरोबर मँगाबेचा विषाणूही गेला होता. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथेही कुरू या मेंदूच्या रोगाच्या प्रयोगांत असेच काही घडल्याचा माग नंतर लागला. अखेर 1985 साली मॅसॅच्युसेट्समधील न्यू इंग्लंड केंद्रातील आजारी माकडांतून हा विषाणू वेगळा काढण्यात आला. आज ‘एसआयव्हीमॅक’ नावाने जगभर वापरला जाणारा वाण त्याच कुळातला. म्हणजे एड्स संशोधनाचे हे सर्वांत महत्त्वाचे साधन कोणी ठरवून घडवले नाही. बेसावध प्रयोगांतून ते जन्माला आले, आणि त्यासाठी कित्येक माकडांचा जीव गेला.

या कथेत भारताचाही वाटा आहे. एसआयव्ही संशोधनात सर्वाधिक वापर भारतीय वंशाच्या लाल तोंडाच्या माकडांचा होतो. 1938 साली अशी सुमारे 400 माकडे भारतातून नेऊन पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो या लहान बेटावर सोडण्यात आली. 1950 च्या दशकात पोलिओ लशीसाठी भारतातून माकडांची प्रचंड निर्यात झाली. निर्यात झालेली माकडे लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली जात असल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई यांच्या सरकारने 1978 साली निर्यातच बंद केली. म्हणजे एसआयव्ही हाती लागण्याच्या कितीतरी आधी भारताचे दार मिटले होते. तेव्हापासून अमेरिकी केंद्रांत जन्मलेल्या भारतीय वंशाच्या माकडांवरच काम चालते. त्यांच्या प्रतिकारशक्तीची जनुके तपशिलात माहीत आहेत आणि एसआयव्हीमॅक त्यांच्यातच रुजलेला असल्याने रोगाची गती सारखी राहते. चिनी वंशाच्या त्याच जातीच्या माकडांत विषाणूचे प्रमाण कमी राहते, रोगही मंद चालतो. त्यामुळे कोणत्याही प्रयोगाचा निष्कर्ष वाचताना माकड कुठल्या वंशाचे होते, हे पाहावेच लागते.

एसआयव्हीची बाधा झालेल्या माकडात रोगाचा क्रम माणसासारखाच असतो, फक्त वेग जास्त. पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या शिखराला पोहोचते, मग काहीशी उतरून एका पातळीवर स्थिरावते. प्रतिकारयंत्रणेचा कणा असलेल्या सीडी-4 पेशी हळूहळू कमी होतात. शेवटी एरवी निरुपद्रवी असणारे जंतू डोके वर काढतात, माकड रोडावते, जुलाब लागतात, काहींचा मेंदूही सुजतो. उपचाराविना माणसाला एड्सपर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षे लागतात. माकडात हे बहुधा एक-दोन वर्षांत घडते. माणसाला बाधा कोणत्या दिवशी झाली, हे जवळजवळ कधीच कळत नाही. माकडात तो दिवस, विषाणूचा वाण, मात्रा आणि मार्ग, सारे माहीत असते. माकड आणि एसआयव्ही या प्रतिमानाची (मॉडेलची) खरी ताकद इथे आहे.

एचआयव्ही या माकडांत का वाढत नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधताना जीवशास्त्रातले एक नवे दालनच उघडले. प्रत्येक सस्तन प्राण्याच्या पेशींत विषाणूंना अडवणारी काही प्रथिने सज्ज असतात. 2002 साली लंडनमध्ये मायकेल मॅलिम यांच्या प्रयोगशाळेत एपोबेक-3जी हे प्रथिन सापडले. ते विषाणूच्या जनुकीय मजकुरात इतक्या चुका पेरते की तो निकामी होतो. एचआयव्हीकडे ‘व्हिफ’ नावाचे प्रथिन आहे. ते माणसातील एपोबेक नष्ट करते, पण लाल तोंडाच्या माकडातील एपोबेकपुढे त्याची मात्रा चालत नाही. 2004 साली बोस्टनमध्ये जोसेफ सोड्रॉस्की यांच्या गटाला ट्रिम-5 अल्फा सापडले. विषाणू पेशीत शिरताच त्याच्या आतल्या कवचाला हे प्रथिन चिकटते आणि पुढचे काम होण्याआधीच ते मोडते. माकडातील ट्रिम-5 अल्फा एचआयव्हीचे कवच ओळखते, माणसातले जवळजवळ ओळखत नाही. त्यानंतर टेथरिन आणि सॅमएचडी-1 ही आणखी दोन प्रथिने उजेडात आली. एका जातीतला विषाणू दुसऱ्या जातीत का आणि केव्हा उडी मारू शकतो, हे समजण्याची किल्ली या प्रथिनांनी दिली.

एसआयव्ही आणि एचआयव्ही यांचे नाते जवळचे असले तरी दोघांची बाह्य प्रथिने बरीच वेगळी आहेत. माणसासाठी बनवलेली लस किंवा प्रतिपिंडे एसआयव्हीच्या बाह्य प्रथिनाला ओळखतच नाहीत. म्हणून 1990 च्या दशकाच्या आरंभी दोघांचा संकर तयार करण्यात आला: आतला सांगाडा एसआयव्हीचा, बाहेरचे प्रथिन एचआयव्हीचे. त्याला एसएचआयव्ही म्हणतात. औषधांबाबतही हीच अडचण होती. एचआयव्हीवर चालणारा नेव्हिरापिनसारख्या औषधांचा गट एसआयव्हीवर चालत नाही, म्हणून एचआयव्हीचे संबंधित विकर बसवलेला आणखी एक संकर निघाला. डुकरासारखी शेपटी असलेल्या ‘पिगटेल’ माकडांत ट्रिम-5 चा अडसर कमजोर असतो. त्यांच्यात फक्त व्हिफ बदललेला, बाकी जवळजवळ पूर्ण एचआयव्हीच असलेला विषाणू वाढवण्यात पुढे यश आले.

चिंपांझीवरील प्रयोगांचा इतिहास वेगळा आहे, आणि तो वाचताना वाईट वाटते. चिंपांझीला एचआयव्ही-1 ची बाधा थेट होते. त्यामुळे 1984 पासून अमेरिकेत शंभरहून अधिक चिंपांझींना ती करण्यात आली. पण वर्षे उलटली तरी ते आजारी पडेनात. विषाणू अंगात असूनही एड्स झाला तो अगदी मोजक्यांना. जे प्रतिमान रोगच दाखवत नाही, त्यातून रोगाविषयी काय कळणार? तरीही माणसाच्या इतक्या जवळचे हे प्राणी दशकानुदशके पिंजऱ्यांत राहिले. 2011 साली अमेरिकेतील एका तज्ज्ञ समितीने बहुतेक जैववैद्यकीय संशोधनाला चिंपांझींची गरज उरलेली नाही, असा निष्कर्ष काढला. 2013 साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या बहुतेक चिंपांझींना निवृत्त करण्याचे ठरवले, आणि 2015 साली उरलेल्यांबाबतही तोच निर्णय झाला. दरम्यान, चिंपांझीला या कुळातल्या विषाणूपासून काहीच धोका नसतो, हा समजही चुकीचा ठरला. टांझानियातील गोम्बे येथे स्वतःचा एसआयव्ही असलेले जंगली चिंपांझी लवकर मरतात आणि त्यांच्यात एड्ससदृश बदल होतात, असे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले.

माकडांनी दिलेल्या माहितीत आतड्याविषयीचा शोध अग्रस्थानी ठेवावा लागेल. एड्स हा रक्ताचा रोग, सीडी-4 पेशी वर्षानुवर्षे हळूहळू घटतात, अशी सुरुवातीची समजूत होती. कारण रुग्णाचे रक्त तपासणे सोपे होते. 1998 साली न्यू इंग्लंड केंद्रात बाधा झालेल्या माकडांच्या आतड्याचे अस्तर पहिल्या काही आठवड्यांत तपासण्यात आले. तिथल्या सीडी-4 पेशींचा जवळजवळ फडशा पडला होता, आणि त्याच वेळी रक्तातील आकडे बरेचसे ठीक दिसत होते. शरीरातील अशा पेशींचा मोठा साठा आतड्यातच असतो, म्हणजे खरी हानी महिनाभरातच होऊन गेलेली असते. 2004 मध्ये माणसांतही हेच घडते, हे दिसून आले. आतड्याचा बांध फुटल्यावर जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारयंत्रणा कायम भडकलेली राहते. औषधांनी विषाणू आटोक्यात आल्यावरही रुग्णांत हृदयविकारासारखे आजार जास्त का दिसतात, याचे एक कारण या सततच्या दाहात आहे.

याच्या अगदी उलट चित्र मँगाबे आणि आफ्रिकन हिरव्या माकडांत दिसते, आणि या साऱ्या विषयात त्याइतके विचार करायला लावणारे दुसरे काही नाही. या प्राण्यांच्या रक्तात विषाणूंची संख्या एड्सच्या रुग्णाइतकी मोठी असते. त्यांच्या प्रतिकारयंत्रणेला विषाणू हटवता येत नाही. तरीही ते ठणठणीत असतात आणि आपले आयुष्य जगतात. बाधेनंतर त्यांच्यात सुरुवातीला दाह होतो, पण काही आठवड्यांत तो शमतो; आतड्याचा बांध शाबूत राहतो; आणि ज्या दीर्घायुषी सीडी-4 पेशी टिकणे गरजेचे आहे, त्यांवर विषाणूला लागणारा सीसीआर-5 हा ग्राही (रिसेप्टर) फार कमी असतो. म्हणजे विषाणूची संख्या एकटी रोग ठरवत नाही. यजमानाचे शरीर तिला कसा प्रतिसाद देते, त्यावर बरेच काही अवलंबून असते. हा धडा आजारी न पडणाऱ्या माकडाने दिला, हे विसरता येत नाही.

औषधांच्या बाबतीत माकडांचे सर्वांत ठोस देणे म्हणजे टेनोफोव्हिर. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली यांनी घडवलेल्या या रेणूची चाचणी वॉशिंग्टन विद्यापीठात चे-चुंग त्साई यांच्या गटाने लांब शेपटीच्या माकडांवर घेतली. काही माकडांना विषाणू टोचण्याच्या 48 तास आधीपासून, काहींना चार तासांनंतर आणि काहींना 24 तासांनंतर रोज एक इंजेक्शन, असे चार आठवडे औषध दिले गेले. 1995 साली निकाल प्रसिद्ध झाला: औषध न दिलेल्या सर्व माकडांना बाधा झाली, औषध मिळालेल्या एकाही माकडाला झाली नाही. पुढच्या प्रयोगाचा प्रश्न आणखी नेमका होता: औषध किती उशिरा सुरू केले तर चालते, आणि किती दिवस द्यावे लागते? 24 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस दिले तेव्हा पूर्ण संरक्षण मिळाले. दहा दिवस दिले तेव्हा निम्म्यांनाच, आणि तीन दिवस दिले तेव्हा कोणालाच नाही. 48 किंवा 72 तासांनी सुरू केले तेव्हाही संरक्षण घटले. आज सुई टोचलेल्या परिचारिकेला किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर औषधे सुरू करून 28 दिवस घ्यायला सांगतात. भारतातील शासकीय नियमही हाच आहे, आणि त्याच्या मुख्य आधारांपैकी एक आधार ही माकडे आहेत. माणसांवर असा प्रयोग करणे कोणत्याही काळात अक्षम्य ठरले असते. बाधा होण्याआधीच रोज गोळी घेण्याची पद्धतही याच वाटेने आली. 2010 साली तिचा उपयोग माणसांतील मोठ्या चाचणीत दिसला आणि 2012 साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. दोन महिन्यांनी एकदा घ्यायच्या कॅबोटेग्राव्हिरच्या इंजेक्शनची पूर्वतयारीही माकडांतच झाली.

लशीच्या बाबतीत इतके सरळ काही घडले नाही. 1992 साली ‘नेफ’ हे जनुक काढून टाकलेला जिवंत एसआयव्ही टोचल्यावर प्रौढ माकडांना पुढे घातक वाणापासून जवळपास संपूर्ण संरक्षण मिळाले. पण 1995 मध्ये त्याच प्रकारचा आणखी दुबळा केलेला विषाणू नवजात माकडांना दिला असता त्यांना एड्स झाला. जिवंत विषाणूची लस माणसाला देण्याचा विचार तिथेच मागे पडला. माकडांनी इथे अनेक जीव वाचवले.

दिशाभूल झाली ती दुसऱ्या एका प्रकरणात. 1990 च्या दशकाअखेरीपासून अनेक लशींची परीक्षा एसएचआयव्ही 89.6पी या संकर-विषाणूवर होत होती. तो काही आठवड्यांत माकडाच्या रक्तातील जवळजवळ सर्व सीडी-4 पेशी संपवतो, त्यामुळे त्याला रोखणे म्हणजे मोठेच यश, असे वाटे. मर्क कंपनीच्या अडिनोव्हायरसवर बेतलेल्या लशीने तो आटोक्यात ठेवला, आणि 2002 मध्ये हा निकाल गाजला. पण 89.6पी हा पेशीत शिरताना सीएक्ससीआर-4 नावाचे दार वापरतो. माणसांत पसरणारा एचआयव्ही मात्र जवळजवळ नेहमी सीसीआर-5 या दाराने जातो. शिवाय दिसायला उग्र असला तरी हा विषाणू लशीने आवरायला सोपा होता. त्याच धर्तीच्या लशीने एसआयव्हीमॅक-239 या चिवट वाणाविरुद्ध फारच क्षीण परिणाम दाखवला. तो इशारा होता. तरी सुमारे 3,000 स्वयंसेवकांवर ‘स्टेप’ ही चाचणी झाली आणि सप्टेंबर 2007 मध्ये ती थांबवावी लागली; लशीने संरक्षण दिले नाहीच, उलट काही पुरुषांमध्ये बाधेचे प्रमाण वाढल्याचे दिसले. माकडाने दिलेले उत्तर खोटे नव्हते. त्याला विचारलेला प्रश्न माणसाच्या रोगाचा नव्हता. भारतात 2005 साली पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झालेल्या पहिल्या एचआयव्ही लस-चाचणीचा अनुभवही काहीसा असाच: माकडांत आशा दाखवणाऱ्या त्या प्रकारच्या लशीला माणसांत पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. एकदाच मोठी मात्रा शिरेतून टोचण्याऐवजी लहान मात्रा गुदमार्गातून किंवा योनिमार्गातून दर आठवड्याला द्यायची, म्हणजे माणसातील खऱ्या संसर्गाच्या जवळ जायचे. तरीही अंतर राहिलेच. अशाच पद्धतीने तपासलेल्या दुसऱ्या एका लशीने माकडांत 67 टक्के संरक्षण दिल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण आफ्रिका आणि शेजारी देशांतील तरुण स्त्रियांवरील चाचणीत मात्र 2021 साली तिचा उपयोग दिसला नाही. एखाद्या ठरावीक वाणाविरुद्ध मिळालेले संरक्षण म्हणजे जगात फिरणाऱ्या हजारो वाणांविरुद्ध मिळालेले संरक्षण नव्हे. ओरेगनमध्ये लुई पिकर यांच्या गटाची सायटोमेगॅलोव्हायरसवर बेतलेली लस मात्र अजूनही अभ्यासकांना खुणावते. तिने बाधा टळत नाही, पण लस दिलेल्या माकडांपैकी सुमारे निम्म्यांच्या शरीरातून एसआयव्ही पुढे कालांतराने पूर्ण नाहीसा झाला.

या साऱ्या प्रयोगांत माकडांना वेदना होतात, ती आजारी पडतात आणि बहुतेकांचा शेवट शवविच्छेदनाच्या टेबलावर होतो. रक्त घेताना भूल देणे, माकडांना शक्यतो जोडीने ठेवणे, वजन ठरावीक प्रमाणात घटले की यातना वाढू न देता त्यांना मरण देणे, प्रत्येक प्रयोगाआधी समितीची परवानगी घेणे, असे नियम आहेत. पण नियम पाळूनही चुकीच्या प्रश्नावर खर्ची पडलेले माकड वायाच जाते. म्हणून 89.6पी चे प्रकरण शास्त्रीय चूक म्हणून जितके महत्त्वाचे, तितकेच नैतिकदृष्ट्याही.

सध्या सर्वांत जास्त काम चालते ते विषाणूच्या लपलेल्या साठ्यावर. औषधे बंद करताच एचआयव्ही परत येतो, कारण काही पेशींच्या जनुकसंचात तो निद्रिस्त बसलेला असतो. हा साठा कधी तयार होतो? 2014 साली बोस्टनमधील एका गटाने बाधेनंतर तिसऱ्याच दिवशी माकडांवर उपचार सुरू केले. त्यांच्या रक्तात तोवर विषाणू दिसलाही नव्हता. सहा महिन्यांनी औषधे थांबवली आणि सगळ्यांतच विषाणू उसळून आला. हा निष्कर्ष जुलैमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात मिसिसिपीतील एका लहान मुलीच्या रक्तात विषाणू पुन्हा सापडल्याची बातमी आली. जन्मानंतर तीस तासांत उपचार सुरू झाल्याने ती बरी झाली, असे तोवर मानले जात होते. जिवंत रुग्णाच्या रक्ताचे आणि फार तर थोड्या ऊतींचे नमुने घेता येतात. माकडाच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, आतडे, मेंदू असे सारे शरीर धुंडाळता येते. त्यातून असे दिसले की लसिका ग्रंथींतील काही कोपऱ्यांत मारक सीडी-8 पेशी फारशा शिरत नाहीत, आणि तिथे विषाणू सुरक्षित राहतो. निद्रिस्त विषाणूला जागे करून मग मारायचे, या कल्पनेवर माकडांत अनेक प्रयोग झाले आहेत. जागे करणारी रसायने सापडली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उपचाराखालील माकडांच्या रक्तात विषाणू पुन्हा दिसू लागला. पण साठा घटला नाही. त्यामुळे आता अशा रसायनांबरोबर प्रतिपिंडे किंवा मारक पेशींना चेतवणारी द्रव्ये देऊन पाहिले जात आहे.